बटाट्यांची फेरी

दुकानाच्या भिंतीवर तीन सीटा टांगलेल्या,
पाय नसलेल्या खुर्च्यांसारख्या.
विकणाऱ्या मुलीनं विचारलं, वजन किती?
मी म्हणालो, एक्क्याऐंशी.
ती हसली नाही. बाळाचं, म्हणाली.

ओइवाचं वजन अकरा किलो.
बर्फाचा सूट, बूट, हेल्मेट धरून तेरा.
आणि इथे ऊलूत तो सूट एकदा चढला
की एप्रिलपर्यंत उतरत नाही,
म्हणजे पट्टे लांब हवेत.

एक सीट कॅरिअरवर बसणारी, ठाम, हलायची नाही.
दुसरी दोन पोलादी दांड्यांवर तरंगणारी,
फ्रेमच्या नळीला जबड्यानं धरलेली.
खड्डा आला की ही लवते, असं म्हणून मुलीनं
तळहात हवेत खाली-वर केला,
निजलेल्याला थोपटावं तसा.
मी दुसरी घेतली.
तिसरीचं आता आठवतही नाही.

एकतीस वर्षं कागद कारखान्यात
ओल्या कागदाचा ताण सांभाळला मी.
सैल पडला की सुरकुततो, ताणला की फाटतो.
चार बोल्टांचं मला काय!
तरी नळी तीनदा मोजली.
एक बोल्ट पुरता आवळून मग दुसऱ्याला हात घालायचा नसतो;
थोडं याला, थोडं त्याला,
भांडणाऱ्या भावांना समजवावं तसं.
दोरीला नट बांधून ओळंबा सोडला:
बाळाचा भार मागच्या आसाच्या पलीकडे
दहा सेंटीमीटरपर्यंत चालतो.
सात भरले.

माझ्या बैठकीखाली स्प्रिंगा आहेत,
लहान बोटांना अडकित्ताच.
जुन्या गमबुटाची नळी कापून शिवली त्यांच्याभोवती.

मग तेरा किलो बटाटे,
स्वयंपाकघरातल्या काट्यावर खेपाखेपांनी मोजून
गोणीत भरले, गोणी सीटमध्ये, पट्टे खटकन.
आणि साठ वर्षांच्या सवयीनं
उजवा पाय मागून फिरवून टाकला.
लाथ बसली सरळ बटाट्यांच्या छातीत.

(म्हणून बटाटे.)

दुसऱ्यांदा पाय पुढून, दांडीवरून, म्हातारपण कबूल करत.
अंगणात तीन फेऱ्या. सायकल मागे ओढत होती,
काही सांगायचं राहिलंय अशी.
दुसऱ्या मजल्यावरून राउहा ओरडली,
“कालेर्वो, नातू अगदी तुझ्यावर गेलाय हो!”

साइनी रात्रपाळी संपवून आली.
ती चार वर्षांची होती तेव्हा कॅरिअरवर उशी बांधली होती मी,
आणि दर वळणाला म्हणायचो, पाय लांब धर.
पुलाच्या उताराला तिनं ते धरले नाहीत.
आवाज आठवत नाही.
चाक थांबलं, ते आठवतं.
टाचेवर अजून अर्धचंद्र आहे.

बोल्टांकडे तिनं पाहिलंच नाही.
वाकली, पायाच्या खोबणीच्या आणि आऱ्यांच्या मध्ये
दोन बोटं घातली,
दुसऱ्या हातानं चाक फिरवलं.
एक पूर्ण फेरा.
मग आणखी एक.
मग म्हणाली, कॉफी आहे का?

सोमवारी ओइवा बसला.
मागचा माणूस दिसत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं.
त्याच्याकडून येतं ते एवढंच:
जॅकेटच्या टोकाला एक ओढ,
पाठीवर हेल्मेटचा ठोका,
“कुत्ला! कुत्ला!” आणि मला न दिसलेला कुत्रा.
नदीपाशी सगळंच बंद झालं.
मी ब्रेक दाबला, वळलो.
मान कलती करून झोपला होता,
मोज्यातल्या मुठीत एक चिमुकला बटाटा,
गोणीतून निसटून फटीत राहिलेला.

पुलाच्या उताराला मी उतरलो
आणि हँडल धरून पायी चाललो.
बोल्टांवर भरवसा नव्हता, असं नाही.