तोडू नये

सहा काचपात्रं, प्रत्येकात नऊशे मिली पाणी
पोटासारखं आंबट केलेलं,
सदतीस अंश, मिनिटाला पन्नास फेरे.
बाहेर सोलापूर चव्वेचाळीसवर.
होटगी रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजात
गार म्हणावी अशी जागा या पोटांचीच.

दर तासाला पाच मिली काढायचं,
तेवढंच परत घालायचं,
पोटाला चोरी कळू नये म्हणून,
आणि वहीत लिहायचं, किती औषध सुटलं.

माझी गोळी बारा तास पुरायला हवी.
पहिल्या सात बॅच दोन तासांत सगळं ओकून मोकळ्या.
बिराजदार सर म्हणाले, पॉलिमर वाढव.
वाढवलं.
मग गोळी बसून राहिली काचेच्या तळाशी
रुसलेल्या पाहुण्यासारखी,
बारा तासांनीही होती तेवढीच.

घरी अम्मा विचारते, आज छाट किती?
तिला सगळ्या परीक्षा एकच वाटतात:
हजार विड्या द्यायच्या,
कारखान्यातल्या माणसानं बोटांनी चाळून
शंभर बाजूला टाकायच्या, बिनपैशाच्या.
मी म्हणते, सगळीच छाट.
'सगळीच? मग पान ओलं असणार.
बोटांचा दोष इतका नसतो.'

(दुसऱ्या दिवशी मिश्रणातला ओलावा मोजला.
दुप्पट निघाला. तिला सांगितलं नाही.)

नवव्या बॅचचा आलेख
सर चष्मा काढून बघत राहिले.
त्या रात्री घरी आले, तर
अम्मानं सिव्हिलची गोळी सुपात ठेवलेली.
तेच औषध. माझ्याच वहीतलं,
कुठल्याशा कंपनीनं बारा तासांसाठी बांधलेलं.
केसपेपरवर: नरसम्मा येमूल, वय बावन्न, व्यवसाय घरकाम.
तिनं तेंदूची पानं कापायची कात्री घेतली
आणि मधोमध चालवली.
अर्धी आत्ता, अर्धी पहाटे.
इतकी सरळ, की दोन्ही तुकडे
माझ्या तराजूवर सारखे भरले असते.

म्हणजे म्हणून छाती धडधडायची.
म्हणून बोटं थरथरायची, म्हणून दर आठवड्याला छाट वाढायची,
आणि मी विचारायचे, चहा किती घेतेस?

'अम्मा, ही तोडायची नसते.
पाकिटावर लिहिलंय.'
पाकिटावर इंग्रजी. ती तेलुगू वाचते,
मराठी अडखळत, आकडे मात्र सगळ्या भाषांतले.
'आठ रुपयांना एक पडते,' ती म्हणाली.
माझ्या यादीत एकशे बारा संदर्भ होते.
एकाही रुग्णाच्या हातात कात्री नव्हती.

सोमवारी सरांना म्हटलं,
तोडली तरी चालेल अशी करू या.
एका गोळीत शेकडो दाणे, राजगिऱ्याएवढे,
प्रत्येकाला आपापलं अस्तर.
कुठूनही कापा, दाणे सुटे होतील, फुटणार नाहीत.
'सिनॉप्सिस मंजूर झालंय.
आठ महिने उरलेत.
कोटिंग पॅनची मोटर जळलीय.'
खिडकीबाहेर बराच वेळ बघून म्हणाले,
'तसं ते हातानंही फिरतं.'

आता मी हातानं फिरवते.
केस वाळवायचं यंत्र हॉस्टेलच्या रेणुकाचं.
दाणे एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात,
चाळणीवर आपटून पुन्हा पहिल्यापासून.
खांद्याला अम्माची कळ आली आहे
आणि अजून एकही रेघ सरळ चढलेली नाही.

काल एक गोळी घरी नेली,
औषध न घातलेली, नुसती साखर आणि अस्तर.
सुपात ठेवली. म्हटलं, काप.
तिनं कापली, तुकडे बल्बखाली धरले,
अंगठ्यानं कड चाचपली.
मग चिमटीत काही उचलून
सुपाच्या कोपऱ्यात सारलं.
कात्रीखाली फुटलेले दाणे.

'चार,' ती म्हणाली.
मी वहीत चार लिहिले.