निशाणी चार

बेलापूर कोर्टासमोर, झेरॉक्सच्या टपरीला टेकून
माझं टेबल. पानाला चाळीस रुपये,
शुद्धलेखन फुकट.

कासाबाई खिल्लारे, वय अंदाजे बावन्न,
धंदा भंगार वेचणे, राहणार तुर्भे स्टोअर्स,
रुळांकडची बाजू,
एवढं टाइप झालं
तेव्हा तिनं गोणी टेबलाखाली सरकवली.
माझ्या पायांना चारशे बाटल्या लागल्या.

जुन्या नियमात बाटलीमागे रुपया परत.
गोणीत जास्त मावाव्यात म्हणून
ती प्रत्येक बाटली टाचेखाली घ्यायची.
टाचेला आवाज पाठ:
पाण्याची कडाडते, सोड्याची कुरकुरते,
आंब्याच्या सरबताची मेली तरी चिकटते.

मग वाशीच्या मशीनवर कागद डकवला कुणी.
बाटली मूळ आकारात असावी.
चपटी ग्राह्य नाही.
पहिल्या तारखेपासून लागू.
(रांगेतला एक हसला, मला चपटी कधीही ग्राह्य आहे.)
कागद डकवला त्या दिवशी तारीख होती अठरा.

"कंच्या पयलीपासून?" तिनं मशीनला विचारलं.
मशीननं बाटली बाहेर ढकलली.

कोळंबकर वकील सांगतात, मी बडवतो:
की नियम झाला कायद्याखाली
आणि बदलला गेला डिंकाखाली;
की राजपत्रात प्रसिद्धी नाही, हरकती मागवल्या नाहीत;
की सतरा दिवस मागे जाऊन
कुणाची टाच उचलता येत नाही;
की परिपत्रक हे नियमाचं लेकरू,
त्यानं बापाचं घर विकू नये.
हे शेवटचं खोडा, वकील म्हणाले.
खोडलं. इथं ठेवतो.

सबब, विनंती की.

सरकारी वकिलांचं म्हणणं आलं, दोन पानी.
बदल हा बदल नसून खुलासा आहे.
बाटली म्हणजे आधीही बाटलीच होती.

त्या दुपारी कासाबाई बाकावर बसून
एक बाटली फुंकत होती.
गाल फुगलेले, मानेची शीर ताठ.
टक्. एक कड सुटली.
बराच वेळ काही नाही.
टक्.
बाटली उभी राहिली, जरा कुबड काढून.
तिनं बूच घट्ट लावलं
आणि धाप लागलेल्या आवाजात म्हणाली,
"आता लिव्हा. ह्यो मूळ आकार हाये का न्हाई?"

कोळंबकरांनी नियम उघडले, चष्मा कपाळावर.
व्याख्या, खंड (ज):
बाटली म्हणजे पेय भरण्याचे पात्र,
मग ते भरलेले असो वा रिकामे.
आणि ही?
रिकामी म्हणावी तर आत बाई आहे.

तारीख पडली, पुढल्या महिन्याची.
बाटली निशाणी चार म्हणून जमा झाली.
कारकुनानं लेबल चिकटवताना
आधी दाबून पाहिलं,
मग ओशाळून बोट काढून घेतलं.

उरलेल्या ती दहा-वीस करून फुंकते.
चक्कर आली की माझ्या स्टुलावर बसते,
चहा घेते, बिनसाखरेचा.
कधी ती नसतानाही टेबलाखाली
एखादी आपसूक टक् करते,
आणि मी मान वर करतो, गिऱ्हाईक समजून.

माझे सहा पानांचे दोनशे चाळीस
तिनं मशीनच्या जुन्या कुपनांत दिले.
घेतले मी.
मागच्या बाजूला बारीक अक्षरात अटी आहेत.
अजून वाचल्या नाहीत.