पाळणा नंबर दोन

किनवटच्या पुढं, तांबडखडीच्या डोंगरावर
दोनच पाळणे. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो.
मोटार नुसता धक्का देते, चाँदपाशा म्हणाला,
ओढतं ते समोरच्याचं वजन.

तिकीट वीस रुपये. जाऊन-येऊन पस्तीस.
खाली बारीक छापलेलं : जोखीम प्रवाशाची.
केवळबाईनं ते एकदा मोठ्यानं वाचलं, एकदा मनात,
मग पदर खोचून म्हणाली,
वन्सं, तुम्ही जा. मी चपला राखते.

चाँदपाशानं आम्हा दोघींना खालून वर पाहिलं,
बाजारात बोकड बघतात तसं, पण अदबीनं.
वर फोन लावला :
"सव्वा क्विंटल येऊलालंय. तिकडं गोण्या टाक."

एकतीस वर्षं मी हिंगोलीच्या दवाखान्यात
लेकरं तोलली. दोन किलो शंभर. एक किलो आठशे.
काटा थरथरायचा थांबेपर्यंत श्वास धरायचा,
मग आकडा रजिस्टरात,
कमी असला की खाली लाल रेघ.
माझं वजन मात्र असं कुणी
तोंडावर सांगितलं नव्हतं.

दार तारेनं बांधलं.
पत्र्यावर हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली गंज.
पहिल्या खांबावर चाक खडखडलं
तशी केवळबाईनं डोळे मिटून
माहेरच्या मारुतीपासून सगळ्यांची नावं घेतली,
नवऱ्याचंसुद्धा,
पहिल्यांदाच माझ्यादेखत.

सागाची पानं ताटाएवढी, मग बशीएवढी,
मग नुसताच रंग.
पैनगंगा मी ओळखलीच नाही. रस्ता समजले.

आणि लाईट गेली.

आवाज गेल्यावर कळलं, किती आवाज होता.

समोर, हात पुरणार नाही एवढ्या अंतरावर
पाळणा नंबर एक, तोही लटकलेला.
त्यात एक पोरगा, सीताफळांच्या दोन गोण्या.
"लोडशेडिंग असंल तर दोन तास," तो म्हणाला,
"फॉल्ट असंल तर काही सांगता येत नाही.
चाचा हातानं फिरवतेत, पण त्यांचा खांदा धरलाय."

तू कुठं निघालास?
"कुठंच नाही. उतरणारं कुणी नसलं की मी बसतो.
दिवसातून चार-पाचदा उतरतो."
आणि चढतोस?
"चालत."

वजन विचारलं. तोंडाला सवय आहे.
"बेचाळीस. गोण्या चाळीस-चाळीस."
वय?
"सतरा."
माझी बोटं आपोआप
लाल पेन शोधू लागली.

मग त्यानं गोणीचं तोंड सोडलं.
"धरा, मावशी."
पहिलं फळ आमच्या दारावर आपटून खाली गेलं.
आम्ही तिघं वाकून ऐकत राहिलो.
खालून काहीच आलं नाही.
दुसरं केवळबाईनं झेललं, दोन्ही हातांनी,
डोळे कधी उघडले तिलाही ठाऊक नाही.
फळाचेही उघडलेले होते,
भेगांतून गुलाबी दिसत होतं.

बिया आधी ती तळहातावर घेत होती,
घरी घेतात तशा.
मग एक थुंकली, दरीत.
मग दुसरी, जरा लांब.
पोरगा हसला. त्यानं नाव सांगितलं,
वाऱ्यात अर्धंच आलं : ...दास.

तारेला हिसका बसला.
मोटार नव्हती ती. खाली कुणीतरी
धरलेल्या खांद्यानं चाक फिरवत होतं,
आम्ही वीत वर, तो वीत खाली,
मध्येच सगळं थांबायचं. चाचा दम घेत असणार.
आधी त्याचं तोंड गेलं, मग केस,
मग गोण्यांची सुतळी.

वर एक दुर्बीण, काच नसलेली.
एक चहावाला. तांबूस सपाट मुलूख,
ज्याच्यासाठी लोक पस्तीस रुपये देतात.
परत जायचं विचारलं तर म्हणाला,
लाईट येऊ द्या. आणि खालून कुणी चढू द्या.
तोवर बसा.

बसलो.
सागाच्या मधून पायवाट दिसत होती,
तिच्यावर एक पांढरा शर्ट,
दिसायचा, नाहीसा व्हायचा.
केवळबाईनं भज्यांची एक प्लेट जास्त सांगितली,
वर कागद झाकला,
आणि दरीकडं पाठ करून
वाटेच्या तोंडाशी बसली.