उठाव

चरईतल्या दुसऱ्या मजल्यावर,
शिमशोन पेणकरांच्या जेवणाच्या टेबलाशी
मी तिकिटं पालथी घालायला शिकले.
आधी पाठ बघ, ते म्हणायचे,
तोंड सगळेच धुऊन येतात.

पाठीवर आकड्यांची टेंगळं हाताला लागली
तर उठावाच्या ठशाचं काम.
शाई दाबाखाली बावरते, रेघेच्या कडेला पळते,
पातेल्याला साय धरावी तशी
काठावर गडद, मध्ये फिकी.

दगडावरची छपाई निराळी.
तेलाचं आणि पाण्याचं जन्माचं वाकडं,
त्यातून उतरलेलं चित्र
सारवलेल्या भुईसारखं. नख फिरवा,
कुठे अडत नाही.

फोटोवरून केलेल्याला भिंग लागतं.
अक्षराची कड करवतीसारखी,
सगळ्या सावल्या रव्याच्या एकाच चाळणीतून आलेल्या.

आणि हे माझ्या घरचं, मी म्हणायचे.
वागळे इस्टेटमध्ये ऑफसेटवर
मी सर्दीच्या गोळ्यांची खोकी छापते,
चार रंगांचे ठिपके एकमेकांभोवती फेर धरतात.
नव्या तिकिटांचंही तेच.
"म्हणजे तुझी मावसभावंडं," म्हणत अंकल
ती वेगळ्या पाकिटात टाकायचे.

त्यांचा जीव खोदलेल्यांवर.
पोलादात उलटी कोरलेली रेघ,
खाचेत भरलेली शाई,
वर कागद इतका दाबायचा
की तो खाली वाकून ती पिऊन येतो.
मग शाई कागदावर उभी राहते.
मुंगीच्या पावलाएवढी,
पण उभी.
तिकिटावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी ठेवून
बोटानं घासायचे, चेहरा चांदीत वर यायचा.
सिगारेटी सुटल्या,
चांदीचे कागद ड्रॉवरमध्ये अजून आहेत.

काचबिंदू आधी कडेनं आला.
मग मधलंही गेलं.
शनिवारी ते अल्बम उघडत नाहीत,
म्हणून मी रविवारी जाते.
भिंग माझ्याकडे, तिकीट त्यांच्या नखाखाली.
सपाट असलं तर त्यांना तो कोरा कागद.
मी रंग सांगते, देश सांगते,
कोपऱ्यात बगळा आहे हेही सांगते.
ते मान हलवतात, पुढचं मागतात.
खोदलेलं आलं की मात्र
मला गप्प बसायला सांगतात.

गेल्या रविवारी शेवटचं पान काढायला लावलं.
कुठल्याशा बुडालेल्या संस्थानचं, चार आण्यांचं, जांभळं.
वडिलांनी पोस्टातले दोन पगार घातले होते त्यात.
अशदोदहून भाचा यायचा होता, त्याला द्यायचं.
मी भिंग लावलं.
रेघा चिंब, कोपऱ्यात एकमेकींत विरघळलेल्या.
पाठ गुळगुळीत.
"खोदलेलंच ना?"
"हो," मी म्हटलं. "छान उठाव आहे."

त्यांनी नख टेकवलंसुद्धा नाही.
"हेमांगी, खोटं बोलताना
तुझा आवाज सपाट होतो."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं,
ती सुरू होईना.

मग म्हणाले, सत्तेचाळीस वर्षं झाली मला कळून.
तेव्हा डोळे धड होते,
आणि बाबा इथेच बसायचे, तुझ्या खुर्चीत.
त्यांनाही मी हेच सांगितलं होतं,
छान उठाव आहे.
मला जमलं असेल.
किंवा त्यांनाही ठाऊक असेल,
पोस्टात तीस वर्षं शिक्के मारलेला माणूस.

"भाच्याला असंच नको द्यायला.
तिकिटाखाली पेन्सिलीनं लिही, दगडावरचं."
मी लिहिलं.
"दाबून लिही."
मी पुन्हा गिरवलं.
त्यांनी पान उलटलं
आणि पाठीवरून बोट नेत
एकेक अक्षर मोजलं.