उजव्या बाजूने

रात्रीचा दीड. नदीमोजणीच्या खोलीत
गोवऱ्यांची शेगडी आणि मी,
दोघीही सारख्याच धुमसतोय.
बाहेर नारिन काठाकाठाने गोठलेली,
मधल्या पट्ट्यात अजून काळं पाणी चालू आहे.
ते किती चढलं हे सांगणारा बोर्ड
मंगळवारपासून गप्प.

तळहाताएवढा. हिरवा. कोपऱ्यात सोल्डरचा ओघळ,
मागच्या वर्षीचा, माझाच.
तीन वायरी जोडते: जमीन, येणं, जाणं.
आधी नुसती किडकी अक्षरं, कारण वेग चुकला;
एक लाख पंधरा हजार दोनशे,
पाढ्यासारखं मनाशी म्हणते,
आणि अक्षरं माणसांत येतात.

बूटलोडर उठतो.
नाव सांगतो, जन्मतारीख सांगतो,
मेमरी मोजतो: पाचशे बारा, सगळी शाबूत.
तीन, दोन, एक.
कार्डावरून कर्नल उचलून पत्त्यावर बसवतो
आणि पाठीवर थाप मारून खो देतो.
स्टार्टिंग कर्नल, तीन टिंबं.

पुढे काही नाही.
बसलेला गडी बसलेलाच.

बिश्केकला एर्मेकला फोन लावते.
नवा कर्नल त्यानेच बांधून पाठवलाय.
"माझ्या टेबलावर चालतो," म्हणतो झोपेतून.
सगळ्यांच्या टेबलावर सगळं चालतं, एर्मेक.
टेबलावर पूर येत नाही.

मीटर लावते: पाचाच्या जागी चार पूर्णांक सहा व्होल्ट.
केबल बदलते. पाच. तरी गप्प.
वाटतं, कर्नल पसरताना
डिव्हाइस ट्रीच्या अंगावर लोळत असेल;
दोघांत अंतर ठेवते,
एका पांघरुणातल्या भांडखोर भावंडांत ठेवतात तसं.
गप्प.
जुनी डिव्हाइस ट्री. नवी. परत जुनी.
सव्वीस वेळा वीज काढली, सव्वीस वेळा दिली.

शार्शेनआके कोपऱ्यात कुरुत चघळतायत.
अडतीस वर्षं त्यांनी हे पाणी डोळ्यांनी मोजलं,
काठीवरच्या खुणा, वही, पेन्सिल. शाई गोठते इथे.
डावा कान सैन्यात असताना गेला.
त्या बाजूने हाक मारली तर मान वळत नाही.
पहिलं वर्षभर मी म्हणत होते, म्हातारा तुसडा आहे.

"पोरी, मेलाय म्हणतेस ना?
मग तो दिवा कसा धडधडतो?"

बघते. वायरींच्या गुंत्यामागे टाचणीच्या डोक्याएवढा:
दोन ठोके, थांबा. दोन ठोके, थांबा.
हा दिवा बूटलोडरला लावता येत नाही.
हा कर्नलचा.

म्हणजे तो उठला होता.
सव्वीस वेळा उठला,
सव्वीस वेळा अथपासून सांगत सुटला
घड्याळं, इंटरप्ट, कार्ड, नदीतला सेन्सर,
ज्या पोर्टला वायरच नाही त्या पोर्टवर,
आणि मी दर वेळी त्याचं वाक्य अर्ध्यात तोडलं.

नव्या कर्नलने पोर्टांची नावं बदललीत.
एर्मेकने कळवलं नाही. मीही विचारलं नाही.
कन्सोलपुढचं शून्य खोडते, दोन लिहिते.
जतन. बूट.
तीन टिंबं, आणि मग ओळी,
नळाला हवा अडकून सुटावी तशा फसफसत,
प्रत्येकीच्या कपाळावर तिचा सेकंद.
शेवटची ओळ येऊन थबकते.

"काय म्हणतो?" शार्शेनआके विचारतात.
मी उठून त्यांच्या उजव्या बाजूला बसते.
"रूटची वाट बघतोय म्हणतो.
कार्डाचंही नाव बदललंय. मी त्याला जुन्या दारात उभं केलं."
"कधीपासून उभा आहे?"
"मंगळवारपासून."
ते कुरुतचा खडा माझ्यापुढे करतात.
खारट. दाताखाली दगडच.

आणखी एक आकडा बदलते.
दोन वाजून बावन्न मिनिटांनी पहिलं मोजमाप:
एक मीटर एकोणचाळीस.
शार्शेनआके टोपी चढवतात, कंदील घेतात,
काहीही न बोलता बाहेर पडतात.
बराच वेळ बर्फावर बुटांचा आवाज.

परत येतात. मिशीवर बर्फ.
"एकेचाळीस," म्हणतात,
आणि वहीत लिहितात.