रहाटावरची नोंद

उकिडव्यांच्या वाटणीचा दावा कोर्टात आहे,
म्हणून मला चौलला बोलावलं, मोडी वाचायला.
दिवसाला हजार रुपये, दुपारचं जेवण,
जाताना शंभर सुपाऱ्या.

लाल फडक्यातलं दप्तर, कसर लागलेलं.
त्यांना हवी होती आगराची हद्द.
मी वाचत गेले:

पोफळी चौदाशे दहा, पैकी फळती नऊशे.
माड दोनशे तीस.
रहाटाचे बैल चार.
बटकी पाच, त्यांची पोरं तीन.
हबशी एक, रेवदंड्यास गलबतावरून घेतला,
नाव पुसता सांगत नाही.

एकाच शाईने, एकाच दमात.
मध्ये रेघसुद्धा नाही.

‘हे सोडा,’ वकील म्हणाले, ‘हद्दीचं बघा.’

शके सोळाशे ब्याण्णव, चैत्र वद्य:
‘तांबडा बैल मेला. तूर्त रहाटास बाळी बटीक.’
वैशाखात: रहाटास बाळी.
ज्येष्ठात: रहाटास बाळी.
आषाढात पाऊस, रहाट बंद,
बाळी भात लावायला.
आश्विनात बैल पाहिला, महाग वाटला.
कार्तिकात: रहाटास बाळी.

‘तूर्त’ हा शब्द
पहिल्या पानानंतर कुठेच नाही.

जेवण झाल्यावर विहीर बघून आले.
आता मोटर आहे. पण जोत्याभोवती
फेऱ्याची जमीन अजून खोलगट,
पाऊस साचून शेवाळ धरतं तिथं.
आळी करणाऱ्या गड्याला विचारलं, हिला काय म्हणता?

‘वालीची विहीर, बाई.
वाली वानर पाणी प्यायला आला होता इथं,
रामाच्या वेळी.
चैत्रात नारळ देतो आम्ही.’

मी काही बोलले नाही.
कुणीतरी तिचं नाव टाकून दिलं नव्हतं,
पिढ्यान्‌पिढ्या तोंडात ठेवलं होतं,
आणि तिथंच झिजत झिजत
तिचा राजा झाला, वानरांचा.

चार वाजता हद्द सापडली.
चाळीस वर्षांनंतरचा कागद, स्वच्छ अक्षर:
‘उत्तरेस बाळीची विहीर,
तेथून सत्तर हात.’
थोरल्या पातीच्या बाजूने निघाली.
थोरले खूश. चहा आला, सुपाऱ्या मोजून आल्या.

लिप्यंतरात मी जसंच्या तसं लिहून दिलं.
वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
‘एवढी एक चूक राहिली बघा,’ म्हणाले,
आणि बाळीवर लाल काट मारून
वर सुवाच्य अक्षरात लिहिलं
वाली.