तुटक रेघ

लोटलीचे एलेउतेरियु सर पूल ओलांडून बोरीला आले,
काखेत पाटाएवढं पुस्तक,
बाजाराच्या पिशवीत उभं कोंबलेलं.
“आत राजे आहेत,” म्हणाले, “जपून. कसर लागलीय त्यांना.”

माझं दुकान म्हणजे पडवीतलं एक मेज.
खळ, मोरचूद, दाभण, मेण लावलेला दोरा.
शाळेची हजेरीपत्रकं येतात, भजनी मंडळाच्या वह्या,
दोनदा मामलेदाराचं दप्तर.
राजे पहिल्यांदाच.

उलगडलं तर झाड निघालं.
मुळाशी आफोंसु, त्याच्यावर सांशु,
मग पुन्हा आफोंसु, पुन्हा सांशु, पुन्हा आफोंसु.
आजोबांचंच नाव नातवाला चिकटवत
वर वर चढलेले पुरुष.
“आमच्यासारखंच की,” मी म्हटलं.
सर हसले नाहीत.

सोयरिकी आडव्या रेघांनी: कास्तील, आरागाँव, नाव्हार.
औरस तो अखंड रेघेनं.
बाहेरचा तो तुटक रेघेनं,
जसा मी कापडावर धावदोरा घालते.

वरच्या एका फांदीशी सरांचं बोट थांबलं.
बियात्रिझ.
दहावं सरायच्या आत चार ठिकाणी ठरली, मोडली,
पाचव्यांदा शेजारच्या विधुर राजाला दिली.
त्याच वर्षी बाप गेला. गादी तिची.
कागदावर तिची. रेघ अखंड, जाड, काळी,
आणि नखाएवढी पुढे जाऊन संपलेली.

शेजारी तिच्या आजोबांचा तुटक रेघेचा मुलगा.
ऑगस्टातल्या एका दुपारच्या लढाईनंतर
ती रेघ ठळक होते, खोड होते,
तिला राजपुत्र लागतात, मग गलबतं लागतात,
मग कितीतरी पानांनी आमची नदी.

“हिचं पुढे काय?”
“सतराव्या वर्षी विधवा. मग इथे-तिथे एखाद्या कागदावर नाव.”
मृत्यूच्या जागी प्रश्नचिन्ह होतं,
छापलेलं. ते कसरीचं काम नव्हे.

कसरीचं काम वेगळं.
पाठच्या पुठ्ठ्यातून शिरून, राजामागून राजा पोखरत
ती सरळ बियात्रिझच्या नावातून बाहेर पडली होती.
मधली तीन अक्षरं नाहीत.
पान उजेडात धरलं की तिथून
झुआरीचा एवढासा तुकडा दिसायचा,
रेतीची एक होडी.

गावच्या कोमुनिदादीच्या वहीलाही
गेल्या वर्षी मीच पाठ चढवली.
पहिला वांगड, दुसरा वांगड,
बाबा, बाबांचे बाबा, माझा धाकटा भाऊ प्रज्योत,
मिसरूड फुटताच आत गेलेला.
त्याला झोण मिळतो, वर्षाला दोघांच्या चहापुरता.
माझ्यासाठी त्या वहीत तुटकही रेघ नाही.
शिवणीत बोटाची थोडी खळ राहिली असेल, तेवढीच.

चार दिवस लागले.
प्रत्येक भोकात कागदाचा लगदा भरला,
नावातल्याही. वाळला, दाबला, बोटानं चाचपला.
सर म्हणाले, “अक्षरंही काढ ना. तुझं वळण चांगलं आहे.”
“गेलेलं आपण लिहायचं नसतं सर,
कागद धरून ठेवायचा नुसता.”
बाबांनी शिकवलेला नियम.
हे एक त्यांनी मला दिलं, वहीबाहेर.

त्यांनी पैसे मोजले. वीस कमी होते, राहू द्या म्हटलं.
मडगावची बस पुलावर चढेपर्यंत बघत राहिले.

रात्री मेज पुसताना एक अळी सापडली,
पांढरी, तांदळाच्या कणीएवढी,
कुठल्या राजाच्या पोटातून सुटलेली कोण जाणे.
मारायची म्हणून चिमटीत धरली.
मग कठड्यावरून सोडून दिली अंधारात,
जिथे प्रज्योतची मोटरसायकल उभी होती
आणि हँडलला पिशवीत ती वही,
उद्याच्या सभेला न्यायची.